तिकोनी बागेचा चौकोनी आराखडा

टेपमामांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांची नजर काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. एकतीस वर्षं जमिनी मोजण्याच्या खात्यात घालवलेला माणूस. कुणाकडे गेले की चहा येईपर्यंत बसल्या जागेवरून खोली मोजून टाकायचे आणि "तुमची ही भिंत गुण्यात नाही, तिकडे दोन इंच सरकलीय" असं अगदी चांगल्या मनानं सांगायचे. त्यामुळे त्यांना घरी बोलवण्याचा उत्साह लोकांत फार टिकत नसे. मामांनाही त्याचं वाईट वाटत नसे. ते बागेत जाऊन बसायचे.

बाग म्हणायचं ती आपली सवयीनं. दोन रस्ते एकमेकांना मिळता मिळता मध्ये जो तिकोनी तुकडा उरला होता, तिथे कधी काळी कुणीतरी एक झाड लावलं होतं. ते एवढं वाढलं की तुकड्याला सावली आली, सावली आली म्हणून बाक आले, बाक आले म्हणून लोक आले. चार बाक, एक पाण्याचा नळ, पायाखाली खडी. बघण्यासारखं काहीही नव्हतं आणि त्यामुळेच बसायला फार बरं वाटायचं. दुपारी सामान पोचवणारी माणसं हेल्मेट उशाला घेऊन लवंडायची. संध्याकाळी म्हाताऱ्यांचे बाक वेगळे, पोरांचा कोपरा वेगळा, आणि भांडलेली नवरा-बायकोची जोडपी नळाजवळ.

एका सोमवारी सकाळी मामा नेहमीप्रमाणे गेले, तर बागेच्या टोकाला भलामोठा फलक उभा. त्यावर लिहिलं होतं, ‘नागरिकांच्या आग्रहास्तव जागतिक दर्जाचे सुशोभीकरण’. खाली रंगीत चित्र. चित्रात नाचतं कारंजं, खुला रंगमंच, सेल्फीसाठी चौथरा, भागाच्या नावाची आठ फुटी चमकती अक्षरं. एक हसरं कुटुंब फुगे घेऊन चाललेलं. आई, बाप, दोन मुलं आणि कुत्रा. त्यांतलं एकही त्या भागात कुणी पाहिलेलं नव्हतं, कुत्रासुद्धा. झाड नव्हतं. बाक नव्हते. नळ तर नव्हताच.

समोरच्या दुकानातला शिंपी गळ्यात फीत तशीच ठेवून बाहेर आला. त्यानं फलक दोनदा वाचला.

"मामा, हा आग्रह केला कुणी?"

"मी नाही बुवा."

"मीही नाही."

मग दिवसभर भागात जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघू लागला. औषधाच्या दुकानदारावर जास्त वहीम होता, कारण तो एकदा म्हणाला होता की बाग जरा बरी दिसायला हवी. त्यानं बिचाऱ्यानं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला गोळ्यांबरोबर खुलासाही बांधून दिला.

बुधवारी बाईंच्या घरी सभा भरली. बाई म्हणजे शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर अजूनही भागातली अर्धी माणसं हात वर करून बोलत. अध्यक्षस्थानी अध्यक्ष होते. या गृहस्थांना दुसरं काही नाव असेलही, पण चार गल्ल्यांत निघालेल्या प्रत्येक मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे गेल्यामुळे ते नाव कुणाला आठवत नव्हतं. पहिला दीड तास समितीचं नाव ठरवण्यात गेला. ‘बचाव’ म्हटलं तर आपण घाबरल्यासारखं दिसतं, असं अध्यक्षांचं मत. ‘संघर्ष’ म्हटलं तर पोलीस येतील, असं औषधवाल्याचं. शेवटी ‘बागप्रेमी नागरिक समिती’ यावर एकमत झालं आणि सगळ्यांना काहीतरी मोठं काम हातावेगळं केल्यासारखं वाटलं.

"आता विरोध कशाकशाला करायचा ते ठरवू," बाई म्हणाल्या.

इथे एकी जरा पातळ झाली. औषधवाल्याचा बागेच्या बदलाला सक्त विरोध होता, फक्त त्याच्या दुकानासमोर गाड्या लावायला जागा निघाली तर चालणार होतं. अध्यक्षांना कारंजं नको होतं, पण खुल्या रंगमंचावर भाषणाची सोय होईल का, हे ते तिसऱ्यांदा विचारत होते. शिंप्याला काहीच नको होतं. त्याला दुपारी झाडाखाली काजं करत बसायचं होतं.

"पालिकेत जाऊन फाइल बघितली पाहिजे," बाई म्हणाल्या. "मामा, तुम्हीच जा. तुमचा भाचा तिथेच आहे ना?"

आहे ना, म्हणजे काय! मामांच्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. कॉलेजची चार वर्षं मामांच्या घरी राहून शिकला. परीक्षेच्या दिवसांत मामी सकाळी दवाखान्यात ड्यूटीला जायच्या आधी त्याला हाक मारून उठवत, आणि परत झोपू नये म्हणून पांघरूण घेऊनच निघून जात. तो पालिकेच्या बांधकाम विभागात इंजिनियर झाला तेव्हा मामांनी भेटेल त्याला थांबवून सांगितलं होतं.

गुरुवारी मामा पालिकेत गेले. भाच्यानं उठून खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मामांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, "मामा, फलक बघितलात? माझा पहिला आराखडा! तुमच्याच भागात होतोय. तुम्हाला सांगणारच होतो, म्हटलं आधी बघू द्या."

मामांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. शहरभर बाकीच्या सतरा बागा पडल्या होत्या, आणि याला मामाची आठवण झाली!

"छान आहे," ते म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "पण बाळा, हा आग्रह कुणी केला?"

भाच्यानं फाइल काढून पुढे ठेवली. सगळ्यात खाली, पिवळा पडत चाललेला एक अर्ज होता. ‘बागेतील तिसऱ्या बाकाचा पाय मोडला आहे, तरी दुरुस्त करून मिळावा.’ खाली बेचाळीस सह्या. अक्षर मामांचं. पहिली सहीही मामांचीच. अर्ज दोन वर्षांपूर्वीचा.

त्यावर एका टेबलानं शेरा मारला होता: ‘बाक दुरुस्तीची मागणी.’ पुढच्या टेबलानं लिहिलं होतं: ‘बाकांच्या नूतनीकरणाची मागणी.’ त्याच्या पुढच्यानं: ‘बागेच्या नूतनीकरणाची तीव्र मागणी.’ फाइल एकेक जिना चढत गेली तशी मागणी अंगानं भरत गेली होती, आणि चौथ्या मजल्यावर पोचली तेव्हा बेचाळीस नागरिक जागतिक दर्जासाठी तळमळत होते.

"आणि त्या बाकाचा पाय?" मामांनी विचारलं.

"तो सुशोभीकरणात समाविष्ट आहे," भाचा म्हणाला. "म्हणजे, बाकच काढायचेत ना."

मामा घरी आले ते थेट सुताराला घेऊन बागेत गेले. त्यानं अर्ध्या तासात दोन बोल्ट मारून पाय बसवला. पण फाइलला आता पाय फुटले होते, ती थांबणारी नव्हती.

आराखड्याची एक प्रत भाच्यानं मोठ्या हौसेनं दिली होती. मामांनी ती टेबलावर पसरली आणि चष्मा पुसून पुन्हा लावला. आराखडा चौकोनी होता. साठ मीटर लांब, चाळीस मीटर रुंद, चारही कोपरे गुण्यात, अगदी काटकोनात. मामांनी कागद फिरवून बघितला. कागद फिरवल्यानं चौकोनाचा त्रिकोण होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, पण मायेपोटी माणूस काहीही करून बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेप काढला आणि बाग मोजली. दोन लांब बाजू, एक आखूड. सगळी मिळून आराखड्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यांनी भाच्याला फोन लावला.

"बाळा, एकदा येऊन जागा मोजून जातोस का? माझ्याकडे टेप आहे."

"मामा, आता कोण टेप लावतं? उपग्रहावरून सगळं दिसतं."

"दिसतं रे, पण..."

"तुमच्या काळात ठीक होतं, मामा. साहेबांनी सही केलीय आराखड्यावर." मग म्हणाला, "तुमची समिती झालीय म्हणे. तुम्हीसुद्धा त्यात आहात?"

मामांनी "हो" म्हटलं. पलीकडून फोन बंद झाला होता.

मामी शेजारी बसून सगळं ऐकत होत्या. "काय म्हणाला?"

"माझा काळ वेगळा होता म्हणाला."

"मग खरंच आहे. तुमच्या काळात त्रिकोणाला तीन बाजू होत्या," मामी म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

खरी पंचाईत पुढेच होती. समितीला ही मापं सांगितली की अध्यक्ष ती जनसुनावणीत गळा काढून वाचणार, वर्तमानपत्रवाले छापणार, आणि पोराचं पहिलंच काम चारचौघांत मातीत जाणार. न सांगावं तर बाग जाते. दोन दिवस मामांना जेवण गेलं नाही. भाचा आपला, बागही आपली; कुणाच्या अंगावर फीत टाकायची?

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. पालिकेचे मोठे साहेब आले होते, त्यांच्या एका बाजूला भाचा, दुसऱ्या बाजूला दादा. दादा म्हणजे या भागातून निवडून आलेले सदस्य. दोन मजली घर बागेच्या अगदी समोर, आखूड बाजूला. ते सगळ्यांना नमस्कार करत होते, आणि कुणी समोर नसेल तर खुर्चीला.

पडद्यावर कारंजं नाचलं. मग नागरिकांना बोलायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "झाड तोडू नका." साहेब म्हणाले, "सूचना स्वागतार्ह आहे," आणि लिहून घेतलं. शिंपी उठला, त्याला बोलायची सवय नव्हती, "आम्हाला काही नको साहेब, आहे तेच राहू द्या," एवढंच म्हणून बसला. साहेब म्हणाले, "सूचना स्वागतार्ह आहे." अध्यक्षांनी पंचवीस मिनिटं प्रखर विरोध केला आणि शेवटी रंगमंचाची उंची किती असेल ते विचारलं. तेही स्वागतार्ह ठरलं. साहेबांकडून होणारं स्वागत एवढं दांडगं होतं की त्याला विरोध करायला दारच सापडत नव्हतं.

तेव्हा मामा उठले. भाच्यानं मान खाली घातली.

"माझी एकच विनंती आहे," मामा म्हणाले. "आम्ही जुनी माणसं. आम्हाला पडद्यावरचं कळत नाही. आराखडा आहे त्याच मापात जमिनीवर चुन्याची फक्की मारून दाखवा. कारंजं कुठे, रंगमंच कुठे. म्हणजे आमची खात्री पटेल."

साहेबांना एवढ्या वेळात प्रथमच कुणीतरी खात्री पटवून घ्यायला तयार दिसला. दादांनी तर टाळ्या वाजवल्या. "येत्या रविवारीच! माझ्या उपस्थितीत!"

रविवारी सकाळी सगळा भाग गोळा झाला. पालिकेनं दोन पोती फक्की पाठवली होती. टेप मात्र कुणाकडेच नव्हता, तो मामांचा लागला. एक टोक मामांनी धरलं, दुसरं भाच्यानं. त्या फोननंतर पहिल्यांदाच दोघं असे समोरासमोर आले होते.

"शून्य खुणेवर नीट धर," मामा हळूच म्हणाले.

पहिली बाजू आखताना भाचा तीस मीटरवर रस्त्याच्या कडेला पोचला. त्यानं हातातल्या कागदाकडे बघितलं. मग टेपकडे. मग मामांकडे. साठापैकी तीस मीटर अजून बाकी होते.

"चाल पुढे," मामा म्हणाले.

भाचा रस्ता ओलांडून गेला. मागून फक्कीवाला पांढरी रेघ ओढत गेला. ती पदपथावर चढली, शिंप्याच्या दुकानात दारातून शिरली, शिलाईयंत्राखालून निघाली आणि मागच्या भिंतीला जाऊन थांबली. शिंपी हात जोडून बाजूला उभा होता. कारंज्याचा गोल बरोबर चौकाच्या मध्यावर आला. एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, आता डावीकडून जायचं की उजवीकडून. पोरं पांढऱ्या गोलात उभी राहून नाचायला लागली, तेव्हा अध्यक्षांनी हेच कारंजं असल्याचं जाहीर केलं.

रंगमंच उरला होता. ती रेघ आखूड बाजू ओलांडून दादांच्या फाटकाकडे निघाली. दादा आधी हसत होते. रेघ फाटकातून आत गेली, नव्या गाडीच्या बॉनेटखाली शिरली आणि घराच्या पायरीवर चढली, तसं त्यांचं हसू उतरलं.

"ओ, थांबा! हे कुठे आणताय?"

"रंगमंच आहे दादा," मामा नम्रपणे म्हणाले. "तिसरी रांग तुमच्या दिवाणखान्यात येते. आराखडा मंजूर आहे."

साहेबांनी ही ‘तांत्रिक बाब’ असल्याचं सांगितलं आणि गाडीत बसून गेले. लोक पोट धरून हसत होते. भाचा एकटा चौकात टेपचं टोक धरून उभा होता, बूट पांढरे झालेले, चेहराही. मामा टेप गुंडाळत गुंडाळत त्याच्यापाशी पोचले.

"घरी चल. मामीनं जेवायला बोलावलंय."

तो आला. जेवला. हात धुताना म्हणाला, "मामा, दुसऱ्या एका शहरातला आराखडा होता तो. आवडला म्हणून उतरवला. मोजायला कधी शिकवलंच नाही आम्हाला, सगळं तयारच मिळतं." मामा म्हणाले, "मग ये की रविवारी." पुढचे चार रविवार मामांनी त्याला तळहाताएवढ्या अंगणापासून मोठ्या मैदानापर्यंत सगळं मोजायला शिकवलं. एवढा आनंद त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच झाला होता.

महिन्याभरात फलक उतरला. त्या जागी दादांचा फलक लागला: ‘बाग वाचवल्याबद्दल दादांचे जाहीर आभार.’ आभार मानणारे म्हणून खाली अध्यक्षांचा फोटो होता.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पालिकेत मंजूर झालेली गोष्ट मरत नाही, बदली होऊन जाते. पाण्याच्या टाकीपलीकडच्या वस्तीतून एक शिक्षिका मामांना शोधत आली. तिच्या हातात तोच आराखडा होता.

"आमच्या मैदानावर करणारेत म्हणे," ती म्हणाली. "मुलं तिथेच खेळतात, बायका तिथेच कपडे वाळत घालतात, लग्नकार्यही तिथेच होतं. तुम्ही रेघा मारून थांबवलंत असं ऐकलं."

मामांनी समितीला बोलावलं. अध्यक्ष म्हणाले, आपली समिती या बागेपुरतीच आहे, नियमावलीत तसं आहे. औषधवाला म्हणाला, "त्यांचं ते बघतील की. आणि कुठेतरी व्हायलाच हवं ना कारंजं?" बाई आणि शिंपी तेवढे येतो म्हणाले.

मामांनी भाच्याला फोन केला. तो उत्साहात होता. "मामा, या वेळी मी स्वतः मोजलंय! दोनदा! पासष्ट बाय बेचाळीस, चारही कोपरे गुण्यात. आराखडा तंतोतंत बसतो!"

"शाब्बास," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

मामींनी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. "आता काय बोलू मी तिथे? माप बरोबर आहे."

"अहो, आपल्याला ते माप चुकलं म्हणून नको होतं का?" मामी म्हणाल्या. "नको होतं म्हणून नको होतं. तेवढं सांगायला तुम्हाला दोन पोती फक्की लागली."

वस्तीतली सुनावणी मैदानातच होती. मामा सकाळी लवकर जाऊन बसले. साहेब आले, पडद्यावर कारंजं नाचलं, उन्हामुळे ते कुणाला दिसलं नाही. शिक्षिकेनं मामांना बोलायला उठवलं.

"आपण इथले रहिवासी आहात का?" साहेबांनी ओळखूनही विचारलं.

"नाही. पाहुणा आहे. आराखडा जागेत बरोबर बसतो, हे आधीच सांगतो. जागा माझ्या भाच्यानं मोजलीय, चूक काढता येणार नाही." लोक हसले. मामांना आकड्यांशिवाय बोलायची सवय नव्हती, ते अडखळले. "पण मी सकाळपासून इथे बसलोय. दोन खेळ एकाच वेळी चाललेत, यांचा चेंडू त्यांच्यात जातो, ते परत फेकतात, भांडण नाही. एक बाई त्या दोरीवर कपडे घालतेय, चेंडू लागला तर ओरडते आणि हसते. एक म्हातारे चालायला शिकतायत, पडल्यानंतर बहुतेक. ज्याच्या अंगावर येतील तो त्यांना धरतो. ही माणसं काही मागत नाहीयेत, साहेब. ती नको म्हणतायत. नको म्हणजे नको, ती सूचना नसते."

"आपली सूचना स्वागतार्ह..."

"साहेब," भाचा मध्येच म्हणाला. तो इतिवृत्त लिहीत होता. "मी ‘स्थानिकांचा विरोध’ असं लिहिलंय."

"तो शब्द आपण वापरत नाही."

"शाईनं लिहिलाय, साहेब. खाली सहीही केलीय."

साहेबांनी पाणी मागितलं.

फाइल नेहमीप्रमाणे जिने चढू लागली, पण या वेळी अंगानं भरेना. सूचना असती तर प्रत्येक टेबलानं तिला थोडी वाढवली असती. विरोधाचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यासाठी रकानाच नव्हता. पहिल्या मजल्यावरच्यानं ती दुसऱ्याकडे मार्गदर्शनासाठी पाठवली, दुसऱ्यानं पहिल्याकडे अभिप्रायासाठी. आजही ती त्या दोन मजल्यांमध्ये कुठेतरी आहे. मैदानात चेंडू इकडून तिकडे जातो आहे.

भाच्याची पंधरा दिवसांत बदली झाली, गटारांच्या विभागात. त्याच्या आईनं फोनवर रडून घेतलं. मामाही मनातून हादरले होते, आपल्यामुळे पोराचं नुकसान झालं असं त्यांना वाटत होतं. रविवारी तो आला तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "फार त्रास आहे का रे तिकडे?"

"काम खूप आहे," भाचा म्हणाला. "पण मामा, तिथे माप चुकलं की पाणी लगेच उलटं येतं. साहेबांनासुद्धा कळतं. आणि सुशोभीकरण करा म्हणून अजून कुणाचा अर्ज आलेला नाही."

तो आत यायला निघाला, तशा मामी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"कौतुक नंतर," त्या म्हणाल्या. "आधी अंघोळ."